मन त्रासलंय म्हणून भावना कळत नाहीत, की मुळातच कळत नाहीत? हे वेगळं मोजायचं कसं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. दोन महिने हा प्रश्न डोक्यात घोळतोय. इथे मानसशास्त्रातली, संख्याशास्त्रातली, भाषेतली जाणती माणसं आहेत, म्हणून मांडते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात मधुमेहाच्या ओपीडीत समुपदेशक आहे. नोकरी सांभाळून मानसशास्त्रात एमए करतेय. प्रबंधाचा विषय असा: ज्यांना स्वतःच्या भावना ओळखता येत नाहीत, त्यांना साखर सांभाळणं जास्त जड जातं का? भावना ओळखता न येणं, त्या सांगता न येणं आणि लक्ष कायम बाहेरच्या घडामोडींवरच असणं, या तिन्हीला मिळून अलेक्सिथायमिया म्हणतात. ग्रीक शब्द आहे, 'भावनेसाठी शब्द नसणं' असा. बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला. त्यांच्याकडे येणारी काही माणसं दुखण्याबद्दल भरभरून बोलायची, पण 'तेव्हा वाटलं काय?' म्हटलं की अडायची.

मोजायला जगभर टोरांटोची प्रश्नावली वापरतात, टीएएस-२०. बॅग्बी, पार्कर आणि टेलर यांनी ती १९९४ मध्ये आणली. २० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण २० ते १००. ६१ किंवा जास्त आले तर अलेक्सिथायमिया, ५१ पर्यंत नाही, मधले काठावरचे. सोबत मी डॅस-२१ ही दुसरी प्रश्नावली भरून घेते, म्हणजे गेल्या आठवड्यातलं नैराश्य, चिंता आणि ताण किती ते कळतं.

आता मूळ गोष्ट. एक टेलरकाका येतात, कपडे शिवणारे, साठीला टेकलेले. मी विधानं वाचत होते, ते उत्तरं देत होते. तिसऱ्या की चौथ्या विधानाला त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि विचारलं, "ताई, हे आत्ताचं विचारताय का जन्माचं?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

ते म्हणाले, "आत्ताचं विचाराल तर मला माझं काहीच कळत नाही. पण दुकान होतं तेव्हा सगळं कळायचं."

त्याच्या चार महिने आधी रस्तारुंदीत त्यांचं दुकान गेलं होतं. बेरीज केली तर ६६. डॅसचे तिन्ही आकडेही चढे. नियमाने मी त्यांच्या नावापुढे 'अलेक्सिथायमिया आहे' असं लिहायला हवं होतं. माझा हात उचलला नाही. ज्या माणसाला 'आत्ताचं' आणि 'जन्माचं' यातला फरक इतका नेमका कळतो, त्याला स्वतःच्या आतलं कळत नाही असं कोणत्या तोंडाने लिहू?

नंतर सगळे फॉर्म काढून बसले. ज्यांचा डॅस चढा, त्यांचा टोरांटोही चढा, विशेषतः 'ओळखण्यात अडचण' या सात विधानांच्या भागात. आता मला प्रश्न पडलाय की मी एकच गोष्ट दोन नावांनी मोजतेय का. मार्गदर्शक म्हणतात, "जगभर वापरतात, तूही वापर." पण माझं समाधान होत नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

---

आकडेमोड

उत्तम प्रश्न, आणि तुमची शंका रास्त आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो.

२००९ मध्ये लायसिंग, ग्रांडे आणि फाबर यांनी याच मुद्द्यावर लेख लिहिला. टीएएस-२० हे मुळात सर्वसाधारण मानसिक त्रासाचंच माप आहे, असा त्यांचा रोख होता. नंतर डेव्हिड प्रीस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये पाच वेगवेगळ्या नमुन्यांवर तीन अलेक्सिथायमिया-प्रश्नावल्या आणि डॅस-२१ एकत्र ठेवून घटक विश्लेषण केलं, म्हणजे कोणती उत्तरं एकमेकांबरोबर चालतात त्यावरून गट पाडले. अलेक्सिथायमिया आणि त्रास हे दोन घटक वेगळे निघाले. म्हणजे वेगळी गोष्ट आहे, भास नाही. पण एक भाग मात्र दोन्हीकडे ओढला जात होता: टीएएस-२० मधला तोच 'ओळखण्यात अडचण' भाग. तुमच्या फॉर्मांत दिसतंय ते इतरांनाही दिसलं आहे.

आता तुम्ही विचाराल की डॅसचा परिणाम वजा करून टाकला तर? बहुतेक प्रबंधांत तेच करतात, आणि तिथेच घोटाळा होतो. मी मार्केट यार्डाजवळ वाढलो, तिथलं उदाहरण देतो. पोतं काट्यावर ठेवलं की बारदान वजा करतात, उरतं ते निव्वळ धान्य. बारदान वेगळं, धान्य वेगळं, वजाबाकी सरळ. पण सोयाबीन ओलं असेल तर? ओल दाण्याच्या आत असते, ती सोलून बाजूला ठेवता येत नाही. म्हणून काट्यासोबत ओलावा मोजायचं यंत्रही लागतं.

मानसिक त्रास हा बारदान नाही, ओल आहे. ज्याला भावना ओळखता येत नाहीत, त्याला त्या हाताळताही येत नाहीत, म्हणून त्याचा त्रास वाढतो. त्रासाचा काही भाग अलेक्सिथायमियातूनच आलेला असतो. तुम्ही त्रास पूर्ण वजा केलात तर ओलीबरोबर दाणाही जातो. आणि नाही केलात तर टेलरकाकांसारखा माणूस चुकीच्या ढिगात पडतो.

म्हणून दोन्ही आकडे छापा, वजा केलेला आणि न केलेला. आणि माप बदलता आलं तर बदला.

---

शांतवन

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. रुग्णांच्या बाजूने थोडं.

तीव्र नैराश्यात माणसाला 'आत काय चाललंय ते कळत नाही' असं वाटतंच, तो त्या आजाराचा भाग आहे. त्या दिवशी भरलेल्या फॉर्मवरून स्वभावाचा निवाडा करणं म्हणजे तापात वजन करून माणूस मुळातच हाडकुळा ठरवणं. लुमिने, बॅग्बी आणि टेलर यांचा २००१ चा अभ्यास यासाठी जरूर बघा. नैराश्याच्या रुग्णांवर उपचार झाले तसे टोरांटोचे गुण खाली आले. पण रुग्णांची आपसातली क्रमवारी बरीचशी तशीच राहिली: ज्याचे सगळ्यांत जास्त होते, त्याचे कमी होऊनही इतरांपेक्षा जास्तच. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. आकड्यात 'आत्ताचं' मिसळलेलं असतं, आणि खाली 'जन्माचं'ही असतं.

तुमच्या काकांनी एका वाक्यात जे विचारलं, त्यावर आमच्या शाखेत तीसेक वर्षं वाद चालू आहे. डॅस 'गेल्या आठवड्यात' असं स्पष्ट विचारतो. टोरांटोत काळाची अट नाही. माणूस मग आजच्या मनानेच उत्तर देतो.

करता आलं तर एवढं करा: त्रास उतरल्यावर त्याच माणसांना परत विचारा.

आणि तुमच्या रुग्णांसाठी एक खास धोका. त्या सात विधानांतली दोन शरीरातल्या न उमगणाऱ्या संवेदनांबद्दल आहेत. मधुमेहात साखर उतरली की घाम, थरथर, धडधड. नसांवर परिणाम झाला की तळव्यांना मुंग्या. अशा माणसाने 'शरीरात काय होतं ते कळत नाही' याला होकार दिला, तर तो भावनांबद्दल बोलतोय की साखरेबद्दल? ओपीडीतल्या नोंदी तुमच्याकडे आहेतच, त्या शेजारी ठेवून ती दोन विधानं वेगळी तपासा.

---

निमूट

एरवी मी इथे फक्त वाचतो. आज लिहितो, कारण हा धागा माझ्याबद्दल आहे.

मी पुण्यात इंजिनियर आहे, वय ४१. चार वर्षांपूर्वी समुपदेशकांनी मला सांगितलं की हे अलेक्सिथायमिया आहे. तेव्हा मला नैराश्य नव्हतं, चिंता नव्हती. झोप, भूक, काम सगळं व्यवस्थित होतं. मी गेलो होतो तो बायकोच्या आग्रहावरून.

वडील गेले तेव्हा मी सगळं केलं. अँब्युलन्स, स्मशानाची पावती, बँकेतली नावं, तेराव्याची यादी. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. दहाव्या दिवसापासून माझा जबडा दुखायला लागला. दाताच्या डॉक्टरांकडे गेलो, एक्स-रे काढला, काही निघालं नाही. त्यांनी विचारलं, "रात्री दात आवळून झोपता का? कसला ताण आहे?" मी मनापासून म्हणालो, "नाही." बाहेर येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा ती गाडीतच रडायला लागली. ती का रडतेय हे मला तेव्हा कळलं नाही.

पण कृष्णाकाठताई, तुमच्या प्रश्नाला उपयोगी पडेल अशी गोष्ट वेगळीच आहे. दुःखाचं राहू द्या, मला आनंदाचंही कळत नाही. बढती मिळाली त्या संध्याकाळी बायकोने पेढे आणले आणि विचारलं, "खूश आहेस ना?" मी आत शोधत राहिलो. काहीतरी होतं, छातीत हलकं वाटत होतं. पण ते खूश असणं आहे, की सुटलो असं वाटणं, की नुसती भूक, मला सांगता येईना. मुलगी पहिल्यांदा सायकलवरून न पडता गेली तेव्हाही असंच.

ज्याला फक्त त्रास आहे, त्याला आनंद *होत* नाही. मला तो होत असावा, पण ओळखू येत नाही. हा फरक तुमच्या २० विधानांत कुठे दिसतो का? माझ्या वेळी कुणी विचारला नव्हता.

---

आकडेमोड

निमूट, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुम्ही बरोबर गाभ्याला हात घातलात.

टीएएस-२० आनंदाचं वेगळं विचारत नाही. त्यात नाव घेतलेल्या भावना म्हणजे राग, भीती, दुःख. म्हणजे ज्याच्या आयुष्यात सध्या राग-भीती-दुःख जास्त, त्याचीच गाठ त्या विधानांशी जास्त पडते. जो शांत आहे तो 'असं कधी होतच नाही' म्हणून कमी गुण देतो. विधान विचारतंय क्षमतेबद्दल, उत्तर येतंय प्रसंग किती वेळा आला याबद्दल.

प्रीस आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात पर्थला २०१८ मध्ये नवी प्रश्नावली केली, पर्थ अलेक्सिथायमिया प्रश्नावली. २४ विधानं, १ ते ७ गुण. त्यात 'वाईट वाटतं तेव्हा' आणि 'चांगलं वाटतं तेव्हा' हे वेगवेगळं विचारलं आहे: ओळखण्याची चार आणि चार, सांगण्याची चार आणि चार, उरलेली आठ लक्ष बाहेर असण्याबद्दल. बांधणीच अशी आहे की 'वाईट वाटतं तेव्हा' हे आधी गृहीत धरून मग ओळखता येतं का ते विचारतात. किती वेळा वाईट वाटतं, हा प्रश्नच नाही. वर म्हटलेल्या २०२० च्या अभ्यासात हिचे सगळे भाग त्रासापासून वेगळे राहिले. ॲमस्टरडॅमच्या बरमंड-व्होर्स्ट यांच्या ४० विधानांच्या प्रश्नावलीचेही.

कृष्णाकाठ, मी तुमच्या जागी असतो तर पर्थची प्रश्नावली घेतली असती. 'चांगलं वाटतं तेव्हा' या भागात टेलरकाका कुठे बसतात ते बघा.

---

परसदार

माझा मुलगा १९ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. हे वाचून राहवलं नाही.

कित्येक वर्षं आम्हाला सांगत होते की ऑटिझम म्हणजे भावना कळत नाहीत. २०१९ मध्ये किन्नेर्ड आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात ऑटिस्टिक लोकांपैकी सुमारे ५० टक्क्यांत अलेक्सिथायमिया आढळला, इतरांत सुमारे ५ टक्क्यांत. म्हणजे अर्ध्यांत आहे, अर्ध्यांत नाही. माझा मुलगा दुसऱ्या अर्ध्यातला आहे. त्याला सगळं कळतं, आणि तो लिहून सांगतो. दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या नसत्या तर आम्ही आजही त्याला 'भावनाशून्य' समजणाऱ्या लोकांशी भांडत बसलो असतो.

म्हणून ताई, मार्गदर्शक काही म्हणोत, तुम्ही हा हट्ट सोडू नका.

---

उंबरठा

भाषांतराचं काम करते, आरोग्यविषयक प्रश्नावल्या बऱ्याच केल्यात. माझी काळजी वेगळी आहे.

मराठीत भावना शरीरातच राहतात. पोटात गोळा येतो, काळजात चर्र होतं, छातीवर दडपण येतं, घशाशी हुंदका अडकतो, जीव खालीवर होतो, अंगावर मूठभर मांस चढतं. यातलं एकही 'न उमगलेली संवेदना' नाही. पोटात गोळा म्हणजे भीती, आणि तीसुद्धा विशिष्ट, पुढे येणाऱ्या गोष्टीची. काळजात चर्र म्हणजे दुसऱ्याचं दुःख अचानक भिडणं. माझी आजी आयुष्यात कधी 'मला चिंता वाटते' म्हणाली नसेल. पण तिचा जीव कशाने टांगणीला लागलाय हे ती पक्कं सांगायची.

आता इंग्रजी विधान 'शरीरातल्या संवेदना' आणि 'भावना' असे दोन कप्पे धरून चालतं. तसंच्या तसं मराठीत आणलं तर आपला माणूस अडखळतो, आणि त्या अडखळण्याला गुण मिळतात. भाषांतराने आजार तयार होतो.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर एकांगी होईल. मराठीत 'कसंतरी होतंय' आहे. 'कसंनुसं वाटतंय' आहे. हे शब्द खरोखर न ओळखता आल्याचे असू शकतात, किंवा सांगायचं नाही म्हणून पुढे केलेले. सासरी नव्या आलेल्या मुलीला 'करमत नाही' म्हणता येतं. 'राग येतो' म्हणण्याची सोय बहुतेक घरांत नसते. तिला ओळखता येत नाही असं नाही, बोलायची मुभा नाही. प्रश्नावलीत 'सांगण्यात अडचण' म्हणून ती पकडली जाईल.

लक्ष बाहेर असण्याच्या भागाबद्दलही हेच. डेर, फॉक आणि रायडर यांनी २०१२ मध्ये कॅनडातल्या चिनी वंशाच्या आणि युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांची तुलना केली. त्या भागातल्या फरकामागे आजार नव्हता, मूल्यं होती: स्वतःच्या मनात डोकावत बसण्याला घरात किती महत्त्व देतात ते. आपल्याकडे 'स्वतःचं काय घेऊन बसलास' हे ऐकतच पोरं मोठी होतात.

---

शांतवन

उंबरठा, अगदी पटलं. यात एक भर. माणसाला स्वतःबद्दल मत द्यायला न लावता मोजण्याचाही मार्ग आहे. रिचर्ड लेन आणि सहकाऱ्यांची १९९० ची भावनिक जाणिवेच्या पातळ्यांची चाचणी. २० छोटे प्रसंग देतात आणि विचारतात: तुम्हाला काय वाटेल, समोरच्याला काय वाटेल? उत्तरातल्या शब्दांना गुण. ज्याला आत दिसत नाही त्यालाच 'तुला आत किती दिसतं?' विचारण्याचा पेच त्यात टळतो.

पण तिथे शारीरिक संवेदनेच्या शब्दाला सर्वांत खालच्या पातळ्यांवर ठेवतात आणि एकाहून जास्त भावनांच्या मिश्रणाला वर. मग 'काळजात चर्र झालं' याला मराठीत किती गुण द्यायचे? मला वाटतं, भावनेच्या नावाइतकेच. गुणांकनाची मराठी शब्दसूची कुणीतरी बसून केली पाहिजे.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे मध्ये गेले, त्यात बरंच झालं, म्हणून धागा वर काढते.

मार्गदर्शकांना प्रीस आणि सहकाऱ्यांचा लेख दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि पर्थची प्रश्नावली घ्यायला होकार दिला. टोरांटोचे भरलेले फॉर्म फेकणार नाही. शांतवन म्हणाले तशी शरीराची दोन विधानं वेगळी काढून तपासणार आहे, रुग्णांच्या साखरेच्या नोंदींसोबत. डॅस राहीलच.

टेलरकाका परवा येऊन गेले. पुतण्याच्या घराच्या ओसरीवर मशीन मांडलंय, शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय. फॉर्म वगैरे बाजूला ठेवून मी नुसतं विचारलं, "काका, चांगलं वाटतं तेव्हा ते काय आहे हे कळतं का तुम्हाला?"

ते म्हणाले, "कळतं की. कापड बेतलं आणि चिंधी उरली नाही, की समाधान. गिऱ्हाईक घालून बघतं आणि आरशापुढून हलत नाही, तो आनंद. दोन्ही वेगळं." मग थोडं थांबून म्हणाले, "दुकान पाडलं त्या दिवशी मात्र दोन्ही नव्हतं आणि तिसरं काय होतं ते कळलं नाही. आता कळतं. अपमान होता."

मी ते तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. त्यांच्या फॉर्मवर ६६ तसाच आहे. शेजारी तारीख आणि 'दुकान गेल्यावर चौथा महिना' असं लिहिलंय.

निमूट, तुमचं लिखाण मी पुन्हा पुन्हा वाचलं. आनंदाच्या भागातली आठ विधानं मराठीत आणताना तुमचं पेढ्यांचं वाक्य समोर ठेवतेय. भाषांतर उंबरठा करून देणार आहेत. उलट इंग्रजीत नेऊन पडताळायला दुसरी माणसं हवीत, मूळ प्रश्नावली न बघितलेली. सगळी पश्चिम महाराष्ट्रातली नकोत. मराठवाडा, विदर्भ, कोकण, गोवा इथून कुणी असेल तर सांगा.

---

निमूट

जरूर वापरा. मसुद्यावर मीही उत्तरं देऊन बघेन. मला वेळ लागेल, पण खरी देईन.

---

आकडेमोड

त्याच माणसांना परत विचारायची दुसरी फेरी सहा महिन्यांनी होणार असेल तर आत्ताच प्रत्येकाचा क्रमांक पक्का ठेवा, फोन नंबर वेगळ्या वहीत. दुसऱ्या फेरीला माणसं गळतात, आणि जास्त त्रासलेली आधी गळतात. त्यांच्या मागे लागा, नाहीतर सगळा हिशेब एका बाजूला झुकेल.

---

पळसबन

मी यवतमाळची, तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. आमच्याकडे बाया 'जीव खालवर होते' म्हणतात, आणि कशाने होते ते विचारलं तर बरोबर सांगतात. उलट भाषांतराला मी आहे, रात्रपाळीनंतर वेळ असतो. तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे.